वाढवलेला दिवा

सून विचारते, बाबा, तुम्ही घरातले दिवे का घालवत फिरता?  ती कामावरून येते तेव्हा हॉलमधली ट्यूब बंद, पॅसेज बंद, किचनमध्ये एकच बल्ब आणि मी इकडून तिकडे फिरतोय. बसवत नाही मला. सुनंदा, माझी बायको, गेल्यापासून खुर्चीत टेकलो की काहीतरी टोचल्यासारखं होतं. उठतो, खिडकीपाशी जातो, खाली बहारीनच्या उम्म अल हस्सम भागातल्या रस्त्यावरच्या गाड्या बघतो, परत येतो आणि येता येता एखादा दिवा घालवतो. प्रमोद, माझा मुलगा, बायकोला हळू आवाजात सांगतो की बाबांचं वय झालं. वय झालंय ते खरं. पण दिवे घालवायची खोड माझी नव्हे. ती बेहेरे मास्तरांची. जाताना मला चिकटवून गेले.

मी सातवी शिकलो. देवरुखच्या बाजूच्या गावातून सुतारकाम हातात घेऊन इथे बहारीनला आलो आणि जिदहफ्सच्या एका वर्कशॉपमध्ये दरवाजे, कपाटं, दुकानांचे काउंटर करत म्हातारा झालो. चित्रातलं मला कळत नाही. पण मास्तरांबद्दल कोणीतरी लिहायला पाहिजे, आणि इथली शिकलेली मंडळी लिहिणार नाहीत. त्यातल्या निम्म्यांशी मास्तरांचं भांडण झालेलं आहे.

माझी त्यांची ओळखच भांडणाने झाली. दुपारी वर्कशॉपच्या दारात एक उंच, काटकुळा माणूस येऊन उभा राहिला. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या तपकिरी डागांनी भरलेल्या, एका बुटाची नाडी सुटलेली. इधर चौकट बनता है क्या, असं विचारलं. त्या 'चौकट'वरूनच मी ओळखलं की हा आपल्याकडचा. या म्हटलं. ते आत आले, माप सांगायचं सोडून माझ्याकडे बघत राहिले आणि भिंतीपाशी जाऊन माझ्या डोक्यावरची ट्यूब बंद केली. इकडे करवतीचं पातं फिरतंय. मी हात मागे ओढला आणि दोन शिव्या दिल्या. त्यांना ऐकूच आल्या नाहीत. दोन बोटांनी माझी हनुवटी धरून दाराकडे वळवली आणि म्हणाले, "मेस्त्री, हलू नका. आता दिसायला लागलात."

आमचा अरबाब, म्हणजे मालक, आतून धावत आला. यल्ला, खलास, बाहेर हो. मास्तर बाहेर झाले. दुसऱ्या दिवशी परत दारात. चौकट पाहिजे होती ना त्यांना.

तेव्हापासून त्यांच्या कॅनव्हासच्या चौकटी मीच केल्या. इथल्या एका इंडियन शाळेत ते ड्रॉइंग शिकवत. मूळ नाशिकचे, बायको नव्हती, झाली होती की नव्हती ते विचारायची आमची छाती झाली नाही. माणूस एका जागी टिकायचा नाही. जेवायचे उभ्याने. चहा घेतला की कप हातात धरून घरभर फिरायचे आणि कप भलत्याच ठिकाणी ठेवून जायचे. सुनंदाला मागाहून फ्रिजवर, चपलांच्या कपाटात, एकदा तर देवांच्या फळीवर त्यांचा कप सापडला. "तुमच्या मास्तरांचा नैवेद्य," म्हणाली आणि धुऊन ठेवला. घरंही सारखी बदलायचे. कारण एकच, उजेड. एका घरात खिडक्या जास्त, एका घरात समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून ऊन उडून आत येतं. घरमालक म्हणायचा, लोक उजेडाचे पैसे देतात, तुला अंधार पाहिजे तर गोडाऊन घे. मास्तर म्हणाले, आहे का?

बहारीनचं ऊन ज्याने पाहिलं त्याला यातली गंमत कळेल. इथे ऊन एका बाजूने येत नाही. वरून येतं, रस्त्यावरून येतं, भिंतीवरून येतं, गाडीच्या काचेवरून येतं. माणसाला सावली सापडत नाही. मास्तरांचं सगळं भांडण त्या उन्हाशी होतं. नवीन घर घेतलं की सामान लावायच्या आधी खिडक्यांना काळा कपडा ठोकायचे. मला बोलवायचे, मी पट्ट्या मारून द्यायचो. मग एका खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात हातभर फट ठेवायची. त्या फटीतून उजेडाची एक पट्टी तिरकी खाली यायची आणि त्या पट्टीत जे बसेल त्याचं चित्र. बाकी खोली काळोख. एसीचं पाणी बादलीत टपटपतंय आणि मास्तर त्या काळोखात मांजरासारखे फिरतायत.

अरबी त्यांना चार शब्द येत होते, त्यातला एक त्यांनी आपलासा केला होता. मफी. नाही, संपलं, काही नाही, याला इथे मफी म्हणतात. दुकानात दूध मफी, बस मफी. मास्तर म्हणायचे, "सावली मफी, माणूस मफी." कोणाच्या घरी जेवायला बोलावलं आणि वर झुंबर-बिंबर झगझगत असलं की ते जेवायच्या आधी बटणं शोधत फिरायचे. यजमान बाई ताटं वाढतायत आणि पाहुणा लाईट घालवतोय. सगळीकडून उजेड म्हणजे दवाखाना, असं वर सांगायचे. अशी बरीच घरं त्यांना एकदाच बोलावून थांबली.

शाळेतही तेच. वर्गाचे पडदे ओढून, टेबलावर एक पेरू, दोन कांदे आणि बाजारातून आणलेला हमूर मासा ठेवला आणि एका बाजूने टॉर्च लावून पोरांना म्हणाले, काढा. पोरांचं त्या तासाला पुरं झालं नाही. मास्तरांनी मासा तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याचा डोळा बदलला म्हणून पोरांना परत बघायला लावलं. पुढे वास सुटला. मुख्याध्यापक बाईंनी बोलावून विचारलं तेव्हा मास्तर खूश होऊन म्हणाले की वास आला म्हणजे बरोबर चाललंय. हे त्यांनी आम्हाला अभिमानाने सांगितलं. बाई काय म्हणाल्या ते सांगितलं नाही. पण पुढच्या वर्षी त्यांचे तास कमी झाले.

हे सगळं खूळ त्यांनी कुठून घेतलं तेही सांगतो. चारशे वर्षांपूर्वी इटलीत एक चित्रकार होऊन गेला. नाव माझ्या जिभेवर बसत नाही. एक नंबरचा भांडखोर, तलवार लावून फिरायचा, मारामाऱ्या करायचा, या गावातून त्या गावात पळायचा. चित्रं मात्र देवाधर्माची काढायचा. आणि त्यात संत म्हणून कोणाला बसवायचा, तर हमालाला, म्हाताऱ्या कष्टकऱ्याला, बाजारातल्या बाईला. मागे काळंकुट्ट, वरून एका बाजूने उजेड, आणि माणूस जसा आहे तसा. सुरकुतीला सुरकुती, नखाला नख. त्याच्या आधीचे लोक देवमाणसं गुळगुळीत काढायचे. याने संताच्या पायाला माती दाखवली. देवळातल्या लोकांनी चित्र परत केलं, म्हणाले संताचे पाय असे नसतात.

मास्तर हे सांगत होते तेव्हा सुनंदा भाकऱ्या थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मग ते संत काय विमानाने आलेले?"

मास्तर फिरायचे थांबले. त्या दिवसापासून ते आमच्या घरी माझ्यासाठी येत नसत, हिच्यासाठी येत. वहिनी, वहिनी करत किचनच्या दारात उभे. चित्र दाखवायचं तर आधी हिला. मी चौकट करणारा, मला चित्राची मागची बाजू.

त्या भरात त्यांनी सुदामा काढला. गणपतीला इथल्या मराठी मंडळाने सांगितलं होतं, हॉलमध्ये लावायला काहीतरी पौराणिक द्या. सुदामा म्हणून बसवलं मला. उघडा, खांद्यावर पंचा, काखेत पोह्यांची पुरचुंडी, आणि पाय पुढे. वर्कशॉपमधून आल्यावर धुऊ दिले नाहीत. लाकडाचा भुसा, बुटांनी काळे पडलेले अंगठे, टाचांच्या भेगा. हिने चित्र बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, सुदामा बरोबर मिळाला, पोहे मात्र माझ्या डब्यातले आहेत.

मास्तरांनी हॉलमध्ये चित्र लावलं, बाजूने एक दिवा सोडला आणि हॉलच्या बाकीच्या ट्यूबा आणि रंगीत माळा घालवल्या. आरतीला आलेली माणसं अंधारात एकमेकांच्या पायावर पाय देतायत. कोणीतरी म्हणालं, बाप्पाचा एक कान दिसत नाही. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे मोठ्या कंपनीतले इंजिनिअर, माणूस सभ्य. ते मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले, चित्र छानच आहे, फक्त पाय तेवढे झाकता येतील का, खाली एखादा हार वगैरे सोडून? लोक फोटो काढतात.

मास्तरांनी चित्र उतरवलं. मी धरायला गेलो तर मला म्हणाले, तुम्ही तुमचे पाय घेऊन चला. प्रसाद न घेता आम्ही दोघं सुदामा टॅक्सीच्या टपाला बांधून घरी आणला. वाटेत ते मोठ्याने हसत होते. मला वाटलं रडतील. त्यांना आनंद झाला होता, त्या इटलीवाल्याचंही असंच परत आलं होतं ना.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग हिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी सलमानिया हॉस्पिटलला डायलिसिस, त्या दिवशी येऊन नुसती पडायची, दुसऱ्या दिवशी थोडी माणसात. डॉक्टर प्रमोदशी इंग्लिशमध्ये बोलले आणि प्रमोदने मला अर्धंच सांगितलं. अर्ध्यावरून मला पुरं कळलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हिचा एकटीचा धड फोटो घरात नाही. फोटोच्या वेळी ही मुलाच्या मागे, सुनेच्या मागे, नाहीतर डोळे मिटलेले. एकटीचा फोटो एकच, सीपीआर कार्डावरचा. इथे सरकारचं ओळखपत्र असतं ते. त्या फोटोत ती चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. मी ते कार्ड घेऊन मास्तरांकडे गेलो. म्हटलं, यावरून मोठं चित्र करा. पैठणी घाला, नथ घाला, रंग थोडा उजळ. उद्या काही झालं तर भिंतीवर लावायला पाहिजे.

मास्तरांनी कार्ड बघितलं पण नाही. खोलीत दोन फेऱ्या मारल्या. म्हणाले, "वहिनी जिवंत आहेत. बसवा त्यांना."

मी म्हटलं, तिला बसवत नाही आता. तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली, आईची. आई गेल्यावर नाशिकच्या कुठल्या पेंटरकडून वडिलांनी फोटोवरून चित्र करून घेतलं होतं. गाल गुलाबी, ओठ लाल. मास्तर म्हणाले, माझी आई काळी होती, मेस्त्री. त्या चित्राला रोज हार घालता घालता मी तिचा खरा चेहरा विसरलो. मफी. आता डोळे मिटले की ती गुलाबी बाई येते.

मी कार्ड परत खिशात घातलं.

ही तयार झाली. मला वाटलं नव्हतं. म्हणाली, पैठणी नको, टोचते, आणि मास्तरांच्या घरी जाणार नाही, जिना आहे. म्हणून आमच्याच मधल्या खोलीत खिडकीला काळा कपडा ठोकला. मास्तरांनी कॅनव्हासला आधी सगळीकडे काळपट तपकिरी रंग लावून घेतला. आपण पांढऱ्यावर काळं लिहितो. मास्तर काळ्यातून उजेड वर काढायचे, विहिरीतून पाणी काढल्यासारखा. हिला खुर्चीवर बसवलं, शेजारी स्टुलावर तिच्या माहेरची समई. नेहमीचं सुती लुगडं, पाय मोकळे, पायांवर सूज. मी सुजेबद्दल बोललो तर ही म्हणाली, त्यांना दिसतंय ते, तुम्ही जाहिरात करू नका.

समईच्या उजेडात मास्तर किती वेळ बघत होते. पुढे जातात, मागे येतात, मान वाकडी करतात. काही मनासारखं होईना. शेवटी म्हणाले, वहिनी, दिवा जरा वाढवा.

हिने देवाच्या फळीवरचं फूल घेतलं आणि ज्योतीवर ठेवलं. दिवा गेला.

मास्तर शहरातले. त्यांच्या मनात होतं, वात पुढे करा, उजेड मोठा करा. पण आमच्याकडे दिवा विझव असं कोणी म्हणत नाही, तोंडातून काढायचा शब्द नव्हे तो. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. तसा दिवाही वाढवायचा, तोही फुंकर मारून नाही, फुलाने. हिने सांगितल्यासारखं केलं. म्हणाली, झालं ना आजचं? बरं झालं, तेलपण संपत आलंय.

खोलीत काळोख झाला आणि तेव्हा दिसलं की खिडकीवरच्या कपड्याचा एक कोपरा सुटला होता. समई होती तोवर कोणाला कळलं नव्हतं. उतरत्या उन्हाची तिरकी पट्टी हिच्या एका गालावर, हातातल्या फुलावर आणि खाली पायावर. वातीचा धूर त्या पट्टीतून वर जातोय. आणि मास्तर असे का बघतायत म्हणून ही जरा हसतेय, जरा चिडलेलीपण.

मास्तर फक्त एवढंच म्हणाले की हलू नका.

तेच चित्र धरलं त्यांनी. दुपार कलली की यायचे, कपड्याचा तोच कोपरा सोडायचे, ही हातात फूल धरून बसायची. उजेडाची पट्टी गालावरून भिंतीवर सरकली की काम बंद. रोज तेवढाच वेळ. आणि त्यातले डायलिसिसचे दिवस वजा.

मला मात्र पटेना. भिंतीवर लावायचं चित्र आणि त्यात दिवा गेलेला? सुनेने पण नाक मुरडलं, अपशकुन म्हणाली, इंग्लिशमध्ये. मी मास्तरांना स्पष्ट सांगितलं, ज्योत काढा तिथे, एवढीशी, तुमचं काय जातं. मास्तर म्हणाले, ज्योत काढली तर चेहऱ्यावरचा उजेड खोटा. मी म्हटलं, खोटा तर खोटा, घर माझं आहे. आवाज चढला. तशी ही खुर्चीवरून म्हणाली, "भांडू नका. मी दिवा वाढवलाय. विझवला नाय."

तिने असं म्हटल्यावर विषय संपला. आमच्या घरात तिचं शेवटचं असायचं.

आधी समई झाली, मग फूल, हात, लुगडं. पाय तर असे काढले की सूज बोटाने दाबावीशी वाटेल. मग चेहरा. एक दिवस आत डोकावलो आणि थबकलो. कॅनव्हासवर सुनंदा होती. प्रमोदच्या जन्माच्या वेळची नव्हे, आत्ताची, तरी बरी, गालावर तुकतुकी. मला इतकं बरं वाटलं की मी सरळ बाहेर जाऊन चहा ठेवला. चहा घेऊन येतो तर मास्तर पात्याने चेहरा खरवडतायत. सगळा काढला. मी कप आपटला. काय केलंत हे?

"गाल गुलाबी झाले होते," म्हणाले.

 आईच्या चित्राचं सांगितलं नसतं तर त्या दिवशी मी त्यांना घराबाहेर काढलं असतं. ही म्हणाली, जाऊ दे, परत बसते. दुसऱ्यांदा केला, तोही खरवडला. आधी काय चुकलं ते सांगायचे तरी, या वेळी तेही नाही. नुसते खोलीत फिरत राहिले. शाळेने तेव्हा त्यांना कळवलं होतं की वय झालं, कॉन्ट्रॅक्ट पुढे नाही, व्हिसा संपतोय. आम्हाला त्यांनी ते सांगितलं नव्हतं. मी बाहेरून ऐकलं. म्हणजे दोन्हीकडून वेळ सरत होता आणि हा माणूस केलेलं पुसत होता. त्या दिवसांत मला रात्री झोप यायची नाही. आत बघावं तर चित्रातल्या बाईला चेहरा नाही, आणि शेजारी जी झोपली आहे तिचा रोज थोडा बदलतोय.

तिसऱ्यांदा उजेडाकडचा अर्धा चेहरा केला. तो ठेवला. उरलेला उद्या, म्हणाले. उद्या तिला दम लागला आणि सलमानियाला ॲडमिट केलं.

मास्तर वॉर्डात यायचे. चित्राचं नाव काढायचे नाहीत, नुसते बघायचे, खाटेच्या या बाजूने, त्या बाजूने. वर ट्यूबा झगझगीत. एकदा त्यांनी खाटेभोवतीचा पडदा ओढायला घेतला. इकडून ओढ, तिकडून थोडा सोड, चिमट्याने धर. पडदा उजेडाला थोडाच अडवतो, वरून यायचा तो येतच होता. केरळची नर्स आली आणि हिंदीत फाडफाड बोलली, बाबा, ये क्या करता है, पेशंट को देखना मंगता मेरे को. मास्तर चिमटा हातात धरून उभे. वर्गात मासा कुजवणारा माणूस, मंडळाच्या अध्यक्षाला न ऐकणारा, नर्सपुढे खाली मान.

ही हसली. आवाज बसला होता. म्हणाली, मास्तर, घरी आले की बसते. कोपरा सोडून ठेवा.

आली नाही. इथेच अग्नी दिला. गावी न्यायचं प्रमोद म्हणत होता, मी नको म्हटलं. ती माझ्याबरोबर इथे आली होती.

मधल्या खोलीत, तिची खुर्ची होती त्या जागी, जमिनीवर दिवा ठेवला. तेराव्यापर्यंत तेवत ठेवायचा असतो. मी सारखा आत-बाहेर करत होतो, तेल बघायचं म्हणून. चित्र मास्तर तिला ॲडमिट केलं त्याच आठवड्यात आपल्या घरी घेऊन गेले होते. मनात म्हटलं, आता कसलं चित्र. अर्धा चेहरा. फोटोवरून हा माणूस करायचा नाही आणि बसणारी गेली.

मास्तर नाशिकला गेले त्याला आता बरेच महिने झाले. बहिणीकडे राहतात असं कळलं. फोन उचलत नाहीत, कधी उचलत नव्हतेच. कोणी म्हणतं डोळ्याचं ऑपरेशन झालं, कोणी म्हणतं तिथेही घर बदललं. मला त्यातलं खरं काय माहीत नाही, आणि ते कसे आहेत असं कोणी विचारलं की माझ्यासमोर जायच्या आदल्या दिवशीचेच मास्तर येतात. तेवढं लिहितो.

तेरावा व्हायचा होता. संध्याकाळी बेल वाजली. मास्तर, चादरीत गुंडाळलेलं चित्र घेऊन. शर्ट धुतलेला होता. मी चित्राची एक बाजू धरली. मधल्या खोलीत गेलो. ट्यूब त्यांनी घालवली नाही, मी घालवली. त्यांनी चित्र भिंतीला टेकवून ठेवलं आणि चादर काढली.

खाली ठेवलेल्या दिव्याचा उजेड चित्रावर पडला. समई, फूल, हात, सुजलेले पाय. एक गाल, एक डोळा, ओठाचा एक कोपरा, हसायच्या आधीचा. पलीकडची बाजू काळी. प्रमोद दारात उभा होता, तो तोंड फिरवून आत गेला.

मी म्हटलं, मास्तर, ती बाजू राहिली.

त्यांनी चादरीची घडी घातली. मग म्हणाले, राहिली नाही, तिथे उजेड पोचत नाही. आणि लगेच स्वतःच म्हणाले, "नाही मेस्त्री. राहिली. पहिला चेहरा खरवडायला नको होता."

मला त्यांचं कुठलं खरं मानायचं ते कळलं नाही. अजून कळलेलं नाही. कधी संध्याकाळी बघतो तर त्या काळ्यात ती पुरी असते. कधी नसते. म्हणून तर दिवे घालवत फिरतो.

ते निघाले. सवयीने दारापर्यंत गेले, परत आले, परत दारापर्यंत. तेवढ्यात जमिनीवरचा दिवा मंद झाला. तेल होतं, वात मागे गेली होती. मी कोपऱ्यात उभा होतो. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, बोट दिव्याकडे केलं, तोंड उघडलं. म्हणाले, मेस्त्री, दिवा जरा...

आणि थांबले. पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. तोच शब्द होता तो, आणि आता त्यांना त्याचा आमच्याकडचा अर्थ कळला होता.

मग मास्तर गुडघे मोडून जमिनीवर बसले. इतक्या वर्षांत त्यांना घरात बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. रंगाने काळ्या झालेल्या नखाने त्यांनी वात हळूच पुढे सारली. ज्योत वर आली. तिच्या पायांवर उजेड आला, गालावर आला, आणि वाकलेल्या मास्तरांच्या अर्ध्या तोंडावर आला. उरलेलं अर्धं मला दिसलं नाही.